कोल्बीचा खांदा

१२ डिसेंबर २०१७. पेंडलची शाळा नव्या मुख्य कोचला वर्षाला ८४,६०० डॉलर द्यायला तयार होती. कॅडो वेल्सच्या शाळेत भूगोल शिकवून आणि अमेरिकन फुटबॉलच्या आक्रमणाचा कोऑर्डिनेटर म्हणून चाली ठरवून रोलिन स्ट्राउडला जे मिळत होतं, त्याहून हे तेवीस हजारांनी जास्त होतं. पण मुलाखतीला जाताना पंचेचाळीस मैलांच्या रस्त्यात तो आणि त्याची बायको व्हर्लिन पगाराबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

"मला घर दाखवायला नेणार आहेत म्हणे," व्हर्लिन म्हणाली.

"नेतातच. कोचची बायको इथे टिकेल की पळून जाईल, ते बघून घेतात."

"सव्वीस वर्षांत पळाले नाही, आता या गुडघ्यांनी कुठे पळणार?"

सव्वीस वर्षांत टेक्सासमधली सात गावं झाली होती आणि सातही घरं भाड्याची. संघ हरला की मुख्य कोच जातो. नवा येतो तो आपली माणसं घेऊन येतो आणि हाताखालच्यांना सामान बांधावं लागतं. त्या वर्षी कॅडो वेल्स दहापैकी दोनच सामने जिंकलं होतं. मुख्य कोच बर्ल मॅडॉक्सने नोव्हेंबरातच राजीनामा दिला होता. जूनमध्ये रोलिनलाही निघावं लागणार होतं. बावन्नाव्या वर्षी हाताखाली कोणी नव्याने घेत नाही. त्यामुळे पेंडलला मुख्य कोच होणं, नाहीतर हा धंदाच सोडणं, एवढंच उरलं होतं.

बर्ल गेला, तरी गावाने हरण्याचं खापर फोडलं ते रोलिनवर. चेंडू लांब फेकायचा सोडून तो दर वेळी कोणाच्या तरी काखेत देऊन पोराला गर्दीत घुसवायचा. कॉफीच्या दुकानात कोणीतरी विचारायचंच, "काय कोच, या शुक्रवारी तरी चेंडू हवेत दिसेल का? की त्याला विमानाचं तिकीट लागतं?" रोलिन हसून कॉफी प्यायचा. शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी रोवलेली दिसली. हरलेल्या कोचला 'आता निघा' हे आमच्याकडे असंच सांगतात. जमिनीच्या दलालाच्या आवारातून पाटी उचलून आणायची आणि रात्रीत रोवायची. घर त्याचं नव्हतंच, तेव्हा विकणार काय? पण रोलिन पिकअपमध्ये बसला आणि मागे घेत घेत पाटीवरून दोनदा गेला.

चेंडू का फेकला जात नव्हता, हे तिघांना ठाऊक होतं. चेंडू फेकणारा पोरगा म्हणजे बर्लचा मुलगा कोल्बी. तिसऱ्या सामन्यात त्याचा उजवा खांदा गेला होता. कोचांच्या खोलीत दार लावून बर्ल म्हणाला होता, "फेब्रुवारीत कॉलेजच्या कागदावर सही होऊ दे. शिष्यवृत्ती पक्की झाली की ऑपरेशन करू. तोवर तो मैदानात दिसू दे, तू फक्त त्याला फेकायला लावू नकोस." रोलिनने मान हलवली. त्या खोलीतलं बोलणं बाहेर जात नाही. हे कुठे लिहिलेलं नसतं, पण प्रत्येक कोच ते पाळतो.

पेंडलला चौघांची समिती होती. शाळांच्या प्रमुख ओलीटा प्रूइट मध्ये बसल्या होत्या. त्यांनी वेळ दवडला नाही.

"कोच स्ट्राउड, तुमच्या आक्रमणाने सामन्याला सरासरी नऊ गुण केले. अर्धा संघ तुम्हाला चालवता आला नाही. आम्ही पूर्ण संघ का द्यावा?"

उत्तर त्याने पाठ केलं होतं. चुका माझ्या होत्या, त्यांतून शिकलो, असं काहीतरी. पण खिडकीतून त्याला व्हर्लिन दिसली. घर बघून आली होती आणि शाळेच्या बाईंना हातांनी दाखवत होती, झाड केवढं मोठं आहे ते. पाठ केलेलं त्याने सोडून दिलं.

"मॅडम, माझ्या चेंडू फेकणाऱ्या पोराचा खांदा निकामी होता," तो म्हणाला, आणि पुढचं सगळं सांगितलं.

प्रूइटबाईंनी पेन खाली ठेवलं. "पहिल्या दोन सामन्यांत खांदा धड होता?"

"हो, मॅडम."

"तेही हरलात."

"हो."

"आणि पुढचे सात शुक्रवार, माहीत असून, तुम्ही त्याला मैदानात धाडलंत."



परतताना व्हर्लिन त्या घराच्या अंगणातल्या पेकनच्या मोठ्या झाडाबद्दल बोलत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "बरं झालं ना?" तो म्हणाला, "सांगून टाकलं." काय सांगितलं, हे तिने विचारलं नाही.

प्रूइटबाईंनी खात्री करायला बर्लला फोन केला. खात्री करणं त्यांचं कामच होतं. बातमी तिथून कॉलेजपर्यंत पोचली. चार दिवसांत कॉलेजने आपला डॉक्टर पाठवला आणि आठवड्याच्या आत शिष्यवृत्ती मागे घेतली. बर्ल रोलिनच्या अंगणात आला, पण पायरी चढला नाही.

"सात शुक्रवार गप्प बसलास, रोलिन. अजून आठ आठवडे जमलं नाही तुला?"

"बर्ल, पोराचा हात..."

"हाताची काळजी सप्टेंबरात करायची होतीस. तेव्हा केली असतीस तर मी तुझे पाय धरले असते."

पेंडलने एकतीस वर्षांचा एक कोऑर्डिनेटर घेतला. त्याचा संघही त्या वर्षी तीनच सामने जिंकला होता. का हरलात, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, "चुका माझ्या." समितीला ते आवडलं.

कोल्बीचं ऑपरेशन जानेवारीत झालं. भूगोलाच्या तासाला तो पहिल्या बाकावर बसायचा. उजवा हात गळ्यात आणि पेन्सिल डाव्या हातात. वाकड्यातिकड्या अक्षरांत नद्यांची नावं लिहायचा, पेपर ठेवताना "हे घ्या, कोच" म्हणायचा आणि मान वर करायचा नाही. रोलिन ती अक्षरं लावत बसायचा. जी लागत नव्हती त्यांनाही गुण द्यायचा.

जूनमध्ये करार संपला. रोलिन आता गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. शुक्रवारी संध्याकाळी स्टेडियमचे दिवे लागले की खिडकी लावून घेतो. व्हर्लिनने एकदाच म्हटलं होतं, "मला झाड दाखवायलाच नको होतं त्यांनी."

मोडलेल्या पाटीचं बिल दलालाने त्याच्याच नावाने पाठवलं होतं. त्याचे अडतीस डॉलर अजून द्यायचे आहेत.