नापासबाई आणि चौथा हेडफोन

तिसरा हेडफोन परत न्यायला आलेला कुरिअरवाला दार उघडताच दोन पावलं मागे सरकला, आणि शहाणाच म्हणायचा. आधीचे दोन यानेच नेले होते.

"डावी बाजू मंद आहे," नापासबाई म्हणाल्या. "लिहून घ्या."

"मी लिहीत नाही हो काही. मी नुसतं खोकं नेतो."

"म्हणूनच हे असले माल पुन्हापुन्हा येतात. खोकी नेणारे पुष्कळ, आत काय बिघडलंय ते विचारणारा एक नाही!"

त्याने खोकं उचललं आणि लिफ्टची वाट न बघता जिना गाठला.

नापासबाई हे नाव त्यांना कारखान्यात मिळालं होतं. कारखाना कॅसेट भरण्याचा. तिथे तपासणीची एक खोली होती, खोलीत आठ टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर कानाला हेडफोन लावून बसलेला एकेक माणूस. तिथे माणसांना टेबलाच्या नंबरानेच हाक मारत. एक नंबरचं टेबल बाईंचं, आणि सगळ्या खोलीवर हुकूमही त्यांचाच. चांगल्या कॅसेटला हिरवा स्टिकर, बिघडलेलीला लाल. बाईंचा लाल स्टिकरांचा रोल इतरांच्या दुप्पट वेगाने संपायचा. मालक नुकसानीचा हिशेब मांडायचा, पण एकही लाल स्टिकर कधी चुकीचा निघाला नाही. हे मालकालाही ठाऊक होतं आणि बाईंना तर जरा जास्तच ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र बाहेरच्या कुणाला सांगितली तर पटत नसे. तीस वर्षं गाण्यांत काढूनही बाईंनी एकही गाणं पुरतं ऐकलेलं नव्हतं. कॅसेटची सुरुवात अर्धं मिनिट, मध्य अर्धं मिनिट, शेवट अर्धं मिनिट, की पुढची. तेही गाणं नव्हेच. खरखर, घरघर, कुठे आवाज दबलाय का, एवढंच. हजारो गाणी त्यांना तीन तुकड्यांत पाठ होती. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी ठरवलं होतं, एकदा चांगला हेडफोन घ्यायचा, खुर्चीत पाय पसरून बसायचं आणि मधले राहिलेले तुकडे ऐकून टाकायचे. ठरवलेलं तसंच पडून राहिलं आणि आता वय त्रेसष्ट झालं.

घाई व्हायला कारण झाला यजमानांचा टीव्ही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस बडबड्या होता. मग एकाएकी गप्प झाला आणि टीव्हीला जाऊन चिकटला. सकाळपासून चार माणसं चौकटीत बसून एकमेकांच्या अंगावर ओरडायची आणि हे त्यांचा आवाज आणखी वाढवायचे. दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी, त्यांची डावीकडे, बाईंची उजवीकडे, आणि मधे दोन वर्षांचा अबोला. बाईंना वाटायचं, म्हातारपणी माणूस आतून कडू होत जातो, तसा हा झाला. मनातल्या मनात त्यांनी त्याला कधीच लाल स्टिकर लावून टाकला होता.

जावयाने घरबसल्या मागवून दिलेला पहिला हेडफोन चष्म्याच्या काड्यांवर असा दाबून बसे की अर्ध्या तासात कानामागे ठणका लागे. दुसऱ्याच्या गाद्या रेक्झिनच्या, कानाला घाम फुटायचा. तिसरा बरा होता, हलका, मऊ. पण तिन्हींत एक खोट समान होती. डावी बाजू मंद.

"तीन वेगवेगळ्या कंपन्या," यजमान टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले होते, मुद्दाम मोठ्याने, "आणि तिघींचं तुझ्या डाव्या कानाशीच वाकडं?"

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी आवाज आणखी दोन घरं वाढवला.

ते वाक्य बाईंना झोंबलं, कारण त्याला उत्तर होतं आणि ते त्यांना येत होतं. तपासणीच्या खोलीत नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच नियम शिकवत, आणि शिकवायच्या त्या स्वतः. एका बाजूला खोट ऐकू आली की हेडफोन काढायचा, उलटा घालायचा, म्हणजे डावा उजव्या कानावर आणि उजवा डाव्यावर, आणि पुन्हा ऐकायचं. खोट दुसऱ्या कानात गेली तर ती मालात. खोट त्याच कानात राहिली तर ती कानात. मग मुकाट्याने उठून सांगायचं.

तीन हेडफोन आले आणि गेले. बाईंनी एकदाही उलटा घालून बघितला नाही. हात डोक्यापर्यंत जायचे, आणि तिथून सरळ खोकं शोधायला वळायचे.

गावात ऐकून बघून हेडफोन देणारं दुकान एकच होतं आणि तिथे जायला बाईंचे पाय तयार नव्हते. दुकान पाच नंबरचं होतं. म्हणजे बावीस वर्षांपूर्वी पाचव्या टेबलावर बसणाऱ्याचं. ऐन तिशीतला माणूस, चांगले माल नापास करायला लागला. उजवी बाजू दबलीये म्हणायचा. एक दिवस बाई उठल्या, त्याच्या टेबलाशी गेल्या, आणि सगळी खोली बघत असताना त्याच्या डोक्यावरचा हेडफोन स्वतःच्या हाताने उलटा केला. "आता कुठल्या कानात?" त्याने उजव्या कानावर हात ठेवला. "कान गेलाय तुझा," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्याला खोकी बांधायला पाठवलं आणि महिन्याभरात त्याने नोकरी सोडली. बाईंचं काही चुकलं नव्हतं. हे त्या बावीस वर्षं स्वतःला सांगत आल्या होत्या, आणि जी गोष्ट इतक्यांदा सांगावी लागते तिच्यात काही ना काही बिघाड असतो, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

शेवटी एका दुपारी त्या गेल्याच.

पाच नंबर आता पन्नाशी ओलांडलेला होता. उजव्या कानामागे श्रवणयंत्र. त्याने बाईंना ओळखलं आणि "या" म्हटलं नाही.

"हेडफोन हवाय," बाई म्हणाल्या. "घरी ऐकायला. सलग दोन दोन तास. टोचायला नको, तापायला नको. आणि उगाच नावाचे पैसे घेऊ नकोस."

"बावीस वर्षांनी आलात आणि अजून अरे-तुरेच."

"दाखवणार आहेस की दुसरीकडे जाऊ?"

"दुसरीकडे नाहीये कुठे," तो म्हणाला आणि त्याने तीन जोड काउंटरच्या काचेवर मांडले.

धंद्यात मात्र तो सरळ होता, हे बाईंना कबूल करावं लागलं. कानावर लाकडी वाट्या असलेला, सगळ्यांत महागडा जोड त्याने स्वतःच बाजूला सारला. "दिसायला राजा आहे. पण जड आहे, मान धरेल. आणि याला निराळा अँप्लिफायर लागतो, नाहीतर मिणमिणतो." दुसरा चारी बाजूंनी बंद, बाहेरचा आवाज येऊ न देणारा. बाईंनी घातला आणि पाच मिनिटांत काढला. कान पाण्यात बुडाल्यासारखे वाटले. तिसरा मधल्या किमतीचा, काळा, दिसायला अगदीच गरीब. गाद्या कापडी आणि एवढ्या मोठ्या की अख्खा कान आत सुखाने बसला. चष्म्याला दाब नाही. वाट्यांना मागून जाळी.

"ही मागून उघडी आहे," तो म्हणाला. "आवाज मोकळा येतो, गायक समोर बसलाय असं वाटतं. तार तुटली तर तार बदला, गाद्या विटल्या तर गाद्या बदला. दहा वर्षं जाईल. पण बाहेरचं सगळं आत येतं. घरात टीव्ही चालतो का?"

"चालत नाही. गर्जतो."

"मग बंदवाला घ्या."

"टीव्हीचं मी बघते. गाणं लाव."

त्याने लावलेलं गाणं त्यांच्या हाताखालून हजारदा गेलेलं होतं. अर्धं मिनिट झालं आणि सवयीने बाईंचं बोट पुढे जाण्याच्या बटणाकडे गेलं. तिथे बटण नव्हतं. गाणं पुढे चाललं. बाईंना माहीत नसलेल्या एका जागी गाणारी बाई थांबली, श्वास घेतला, आणि मग अशी काही वर गेली की नापासबाईंचा हात काचेवरच राहिला. हे इथे होतं! तीस वर्षं हे इथेच होतं, आणि त्या दरवेळी त्याच्या अलीकडे उठून गेल्या होत्या. त्यांना आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ भयंकर राग आला, कारण ती बाई उजवीकडे उभी राहून गात होती. डावीकडे कुणी नव्हतं.

गाणं संपलं.

"डावी बाजू मंद आहे," त्या म्हणाल्या.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, चार्जर बघणारी. पाच नंबरने त्यांच्याकडे बघितलं, मग बाईंकडे. बाईंच्या डोक्यावरचा हेडफोन त्याच्या हातापासून वीतभर लांब होता.

"काय बघतोस?" बाईंचा आवाज चढला. चार्जरवाले वळून बघू लागले. "कर ना उलटा! बावीस वर्षं याचीच वाट बघतोयस ना? घे, कर!"

"मी नाही करणार," तो म्हणाला. "मला माहितीये कसं वाटतं ते."

बाईंनी दोन्ही हातांनी हेडफोन काढला. उलटा करून घातला. त्याने गाणं पुन्हा लावलं. त्यांनी सुरुवात ऐकली, मधली ती जागा येईपर्यंत थांबल्या, तीही ऐकली. मग हेडफोन काढून काचेवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कान गेलाय माझा."

चार्जरवाले पुन्हा चार्जरकडे वळले.

"घरी बघितलं नाहीत?" त्याने हळूच विचारलं. "तुम्ही? एकदाही उलटा करून नाही?"

"तू बघितलं होतंस?"

"तीन महिने. रोज घरी गेलो की. सांगायची हिंमत होईना."

बाईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "खोलीत सगळ्यांसमोर नको होतं करायला मी."

"नको होतं," तो म्हणाला, आणि पावती लिहायला घेतली. एका पैशाची सूट दिली नाही. डावी-उजवी कमी-जास्त करायची एक छोटी डबी मात्र खोक्यात टाकली आणि तिची किंमत लावली नाही. "डावीकडे थोडा वाढवा. फार नाही. आणि आधी डॉक्टरांना दाखवा. मी उशीर केला होता."

घरी टीव्हीत चौघांची जुंपलेली होती. बाईंनी हातात खोकं धरूनच टीव्ही बंद केला.

"काय झालं?" यजमान म्हणाले. बाई त्यांच्या समोर उभ्या होत्या म्हणून बाईंना ते ऐकू आलं.

"उद्यापासून दुपारी दोन तास हा बंद. हेडफोन मागून उघडा आहे, त्यात तुमची माणसं घुसतात." आणि थांबलं तर पुन्हा जमणार नाही म्हणून त्याच दमात म्हणाल्या, "आणि माझा डावा कान गेलाय. हेडफोन तिन्ही चांगलेच होते."

यजमानांनी त्यांच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या खुर्चीकडे बघितलं. डावीकडच्या.

"कधीपासून?"

"असतील दोन वर्षं."

"मी तुझ्याशी बोलायचो," ते म्हणाले. "इथे बसून. तू उत्तरच द्यायची नाहीस. मला वाटलं, माझा वीट आला हिला. मग म्हटलं, जाऊ दे. टीव्ही लावला."

बाई आपल्या खुर्चीत बसल्या. खोकं मांडीवर तसंच. दोन वर्षं या माणसाला त्यांनी नापास केलं होतं, एकदाही उलटून न बघता.

यजमान उठले. खुर्चीला चाकं नव्हती. ती त्यांनी फरशीवरून करकर ओढत बाईंच्या मागून फिरवली आणि उजवीकडे आणून ठेवली. टेकले. घसा साफ केला.

"आता ऐक," ते म्हणाले. "पहिली गोष्ट म्हणजे, त्या वर्षी तुझ्या बहिणीकडे गेलो होतो ना, तेव्हा तू मला सगळ्यांसमोर जे बोललीस..."

बाईंनी हेडफोनचं खोकं खाली ठेवलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं.