अमावस्येचा वड

ह्यांची बायपास ठरली, त्या आठवड्यात माझा जप साफ बिघडला. बोटांखालून मणी सरकायचे आणि मन डॉक्टरांच्या चेहऱ्यापाशी अडकलेलं असायचं. इथल्या, इंदूरच्या बडा गणपतीला रोज नवा नवस बोलत होते, कारण कालचा पुरेसा वाटत नव्हता. खरं सांगते, देव ऐकतोय असं एकदाही वाटलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी ह्यांना आत नेलं आणि मी बाहेर आले. हॉस्पिटलच्या आवारात मोठा वड आहे. त्याखाली नटूनथटून आलेल्या बायका सूत गुंडाळत होत्या. वटपौर्णिमा! लग्नापासून कधी चुकली नाही, आणि नेमकी आजच विसरले! ना पूजेचं ताट, ना सूत, अंगावर कालचीच चुरगळलेली साडी. मी तिथेच रडायला लागले.

एका अनोळखी बाईने माझा हात धरला. "अरे बेन, रोओ मत. लो, मेरे सूत में से ले लो." तिच्याच सुताने मी फेरे घातले. नाव विचारायचंही सुचलं नाही.

बायका गेल्यावर बुंध्याला पाठ टेकून बसले. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं, खाली मात्र गारवा होता. वर लाल फळांवरून पाखरांची भांडणं चालली होती. नवस बोलायला गेले, तर काही मागावंसंच वाटेना. 'तुझाच माणूस आहे, तू बघ,' एवढंच मनात आलं. कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. शेजारी कुणीतरी बसलंय, असं अगदी आतून वाटत होतं.

ऑपरेशन नीट झालं. हे बोलू लागले तेव्हा सगळं सांगितलं, तर टाके दुखू नयेत म्हणून छातीशी उशी धरून हसायला लागले. "अगं, ती अमावस्या होती, इकडच्या बायकांची! आपली पौर्णिमा तर अजून यायचीय. इतकी काय जल्दी? भरोसा नव्हता का माझा?" जन्म इंदुरात गेला माझा, शेजारणी अमावस्येला वड पुजतात हे मला का ठाऊक नाही? पण त्या दिवशी तिथी कुणाच्या डोक्यात राहणार!

आता रोज सकाळी जवळच्या बागेत झाडांखाली बसते. जप होतो, कधी होतही नाही. मी सुखात आहे. नवस फळला, असं घरचे म्हणतात आणि मी वाद घालत नाही. पण वडाखाली माझं मन निवलं, तेव्हा ह्यांचं ऑपरेशन चालूच होतं. पुढे काय होणार, कुणालाच माहीत नव्हतं. देवाने तेव्हाच मला जवळ घेतलं होतं.