कावीळ झाली होती का?

माझ्या भाचीला थॅलेसेमिया होता. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागायचं, नाहीतर पोरगी जिना चढता चढता मध्येच बसायची, ओठ पांढरेफटक. ब्लड बँकेचा हिशेब सरळ होता: बाटली हवी, तर रक्त देणारा माणूस आणा. माझा रक्तगट तिच्याशी जुळायचा, म्हणून दर तीन महिन्यांनी मी वाकोल्याहून पार्ल्याला जाऊन बाही वर करायचो. आणि भावही खायचो, खोटं कशाला बोलू. गेटाबाहेर रक्त विकायला ताटकळणाऱ्या दारुड्यांकडे बघून बहिणीला म्हणायचो, "त्यांचं नको गं. घरचं रक्त ते घरचं."

पहिल्याच खेपेला टेबलामागच्या बाईंनी विचारलं होतं, "कधी कावीळ झाली होती का?"

झाली होती. एकोणिसाव्या वर्षी, कणकवलीजवळ गावी. आत्याने एका बुवाकडे नेऊन डोक्यावर काविळीची माळ घातली. ती रोज थोडी थोडी लांबत खाली आली आणि आठवड्याने पायांतून निघाली. माळ पायांतून गेली की कावीळ उतरली, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिवाय समोर बाकावर भाची मान टाकून बसली होती. हो म्हटलं असतं, तर बाईंनी मला परत पाठवलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

पाच वर्षांनी भाचीचे डोळे पिवळे झाले. कुठल्यातरी बाटलीतून काविळीचा विषाणू आला होता; तेव्हा त्यासाठी प्रत्येक बाटली तपासली जात नसे. इतक्या बाटल्यांतली कुठली, हे आता कोण सांगणार, असं डॉक्टर म्हणाले. बहीण म्हणाली, "मेल्या त्या दारुड्यांचीच." मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही किळस येते.

मग घाटकोपरला, जिथे कुणी ओळखीचं नव्हतं, तिथे जाऊन मी स्वतःची तपासणी करून घेतली. तोच विषाणू माझ्यातही निघाला.

त्यानंतर बहिणीचा निरोप आला की मी अशक्तपणाचं कारण सांगायचो. तिसऱ्या वेळी ती दारातच कडाडली, "माझ्या पोरीच्या वेळेलाच बरा रे तुला अशक्तपणा येतो! इतकी वर्षं मिरवलंस ना, घरचं रक्त म्हणून?" खरं ओठांवर आलं होतं. मी पुन्हा अशक्तपणाचंच सांगितलं. तिने माझ्याशी बोलणं टाकलं.

भाऊबीजेला ती आली नाही. भाची मात्र वडिलांबरोबर आली, करंज्यांचा डबा घेऊन. वडील चहाला बसले तशी मला गॅलरीत ओढून हळूच म्हणाली, "मामा, तुला सुईची भीती वाटायला लागली ना? मला पण वाटायची. तू ना, डोळे मिटून शंभरपर्यंत आकडे म्हण. मी येऊन बसेन तुझ्याजवळ."

मी म्हटलं, "हो गं, भीती वाटते."

तिने माझा हात हातात घेतला आणि कोपराजवळची शीर दाबून दाखवली, इथे टोचलं की कमी दुखतं म्हणून.