शुशानचं व्हायोलिन, माझी खंडेनवमी

मॉन्ट्रियलजवळ ब्रॉसार्डला आमच्या शेजारी शुशान तेर्झियान राहायची. आर्मेनियात, येरेवानला, विशीतच तिने व्हायोलिनचं मोठं बक्षीस मिळवलं, अर्ध्या युरोपात कार्यक्रम केले. पुढे नवऱ्यापाठोपाठ कॅनडात आली आणि बेसमेंटमध्ये पोरांना शिकवत बसली. आमची लेक नीरजाही त्यातलीच. नवरा लवकर गेला, शुशान मागे राहिली.

२००८च्या ऑक्टोबरात, तब्बल अकरा वर्षांच्या खंडानंतर, मॉन्ट्रियलच्या एका वाद्यवृंदाने तिला एकल वादनासाठी बोलावलं. बाई हरखून गेली. नेमकं तेव्हाच तिचं छत गळायला लागलं, म्हणून व्हायोलिन दोन दिवस माझ्याकडे ठेवलं. "पद्मजा, प्लीज, पेटी उघडायची नाही हं," तिने बजावलं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी कामाची हत्यारं पूजतात. नवऱ्याचा, अरविंदचा, लॅपटॉप, माझं शिलाई मशीन, बर्फ उपसायचं फावडंसुद्धा मांडून झालं. मग एवढं थोर वाद्य तेवढं पेटीत कोंडून ठेवायचं? आगाऊपणा माझा, दुसरं काय! व्हायोलिन काढलं, हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, अगदी शेजारी समई ठेवली आणि पुरण वाटायला गेले. तासाभराने येऊन पाहते तर धगीने सरस सुटून कडेचा सांधा उकललेला.

मी कुंकू पुसलं आणि पेटी लावून टाकली. शुशान आली तेव्हा म्हणाले, "काय झालं कळत नाही गं. हीटिंगमुळे असेल." त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

"जुनं झालंय. मीही," एवढंच ती म्हणाली. दुरुस्तीला दोन आठवडे लागणार होते, कार्यक्रम त्याआधीच होता. उसन्या वाद्यावर वाजवायला ती तयार नव्हती. तिच्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली आणि शुशानला पुन्हा बोलावणं आलं नाही. पुढची चार वर्षं दर शनिवारी मी तिच्याकडे कॉफीला जायची. आज सांगायचंच असं ठरवून जायची आणि थंडीच्या गप्पा मारून परत यायची.

२०१२ साली ती बहिणीकडे एडमंटनला निघाली. सामान गेल्यावर तिने माझ्या हातात एक छोटी डबी ठेवली. "दुरुस्तीवाल्याला व्हायोलिनच्या पोटात सापडलं. तुझंच ना?"

आत तांदळाचे सात दाणे होते, कुंकवाने लाल झालेले.

"चार वर्षं बोलली नाहीस?" मी विचारलं.

"तू सांगशील म्हणून थांबले होते," ती म्हणाली आणि टॅक्सीत बसली.