मशीन म्हणजे कोणतं

स्वेटरकाकूंना शाळेने पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका पोराची बाही उसवताना. दुकानातला तयार स्वेटर मनगटाला काचत होता, म्हणून पोर रडवेलं झालं होतं. काकू मोठ्या बाईंना भेटायला आल्या होत्या आणि बाहेर बाकावर ताटकळत होत्या. त्यांनी त्याला जवळ ओढलं, पिशवीतली कात्री काढली, कडेचा घट्ट टाका उसवला आणि तीच लोकर सैल हाताने पुन्हा घातली. "हात वाढतो, बाळा, लोकर वाढत नाही," एवढंच म्हणाल्या. मोठ्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. पुढची अकरा वर्षं शाळेचे सगळे स्वेटर काकूंच्या घरून आले.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत विणकामाचं मशीन पसरलेलं, पाहुण्याने पोट आत घेऊनच शिरायचं. शेजारच्या स्टुलावर एक जुना कॉम्प्युटर. छातीवरचं उघडं पुस्तक, बाह्यांवरच्या रेघा, सगळं त्याच्या पोटात. तो मशीनला एका रुंद, पंचवीस पिनांच्या प्लगने जोडलेला होता आणि त्याने सांगितल्याशिवाय मशीन एक ओळही विणत नसे. नजर अधू झाल्यापासून काका घरात बसून लोकर गुंडाळून द्यायचे. "ह्या घरात आम्ही तीन म्हातारे," ते म्हणायचे, "त्यातला हा एकटाच कुरकुरत नाही."

थंडीच्या सत्राला पाच आठवडे उरले असताना नेमका तो कॉम्प्युटरच बंद पडला. दोनशे चाळीस स्वेटर व्हायचे होते. वेळेवर दिले नाहीत तर काम मोठ्या कारखान्याकडे जाणार, हे शाळेने दोन वर्षांपूर्वीच गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. आणि शाळेचं काम गेलं की घरात दुसरं काही येत नव्हतं.

बाजारामागच्या बोळात एक दुरुस्तीवाला होता. उघड्या खोक्यांच्या ढिगात बसायचा म्हणून लोक त्याला खोकेवाला म्हणत. त्याने झाकण काढून वास घेतला आणि बोर्ड जळाल्याचं सांगितलं. नक्षी मात्र शाबूत होती. असा प्लग बसेल असा एक जुना बोर्ड आपल्याकडे आहे, त्याच्याभोवती बाकीचं जोडून देतो, आठवडाभर द्या, म्हणाला. काकूंनी दुकानावर नजर फिरवली. एक पंखा रबराने बांधलेला, एका उघड्या बोर्डावर चहाचा कप. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. फोनवर लेकीनेही तेच बोलून दाखवलं. भंगारातून भंगारच निघणार, आई, सरळ दुकानातला सीलबंद घे, वर्षभर कटकट नाही.

दुकान काचेचं, थंडगार. काकूंनी विचारायचं तेच विचारलं, अगदी दोनदा विचारलं.

"माझं मशीन जुनं आहे. त्याच्याशी हा जुळेल ना?"

टाय लावलेला विक्रेता गोड हसला. "काळजीच नको, मावशी. जुन्या मशीनमधलं सगळं ह्या मशीनमध्ये येतं."

त्याच्या धंद्यात कॉम्प्युटरलाच मशीन म्हणतात. काकूंच्या घरात मशीन एकच, बाकी सगळ्याला आपापली नावं. दोघंही समाधानाने हसली, आणि खोकं रिक्षात चढलं.

घरी काकूंनी हातात प्लग धरून तो नवा कॉम्प्युटर चारी बाजूंनी फिरवला. मागे इवलीइवली चपटी भोकं होती. त्यांनी पुन्हा फिरवला, मग उलटाही करून पाहिला.

"काय झालं गं?" काकांनी विचारलं.

"ह्यात आपल्याला जागाच नाही."

उघडलेलं खोकं दुकान परत घेईना. विक्रेत्याला वाईट वाटलं असावं, त्याने मधे जोडायची एक वायर आणून दिली. मशीन चाललं. घरात आनंदीआनंद. पण उघडं पुस्तक उतरलं ते मुंग्यांची रांग फुटावी तसं. वायर बदलून पाहिली, शेजारच्या इंजिनिअरला बोलावून पाहिलं. सहा पुढच्या बाजू विणल्या आणि सहाही उसवल्या. ह्यात दहा दिवस गेले.

मग काकू मान खाली घालून बोळात गेल्या. खोकेवाल्याने टोमणा मारला नाही, तेच जास्त लागलं.

"तुमच्या प्लगचा बोर्ड काल एका लेथवाल्याने नेला, काकू. मला वाटलं, तुमचं झालं काम."

काकू पालथ्या खोक्यावर बसल्या. "दुसरा शोध," म्हणाल्या. "नाहीतर मी इथून उठत नाही. उठून जाऊ कुठे?"

आठवडाभर दोघं भंगाराची गोदामं धुंडाळत होती. तो हाताने तोलून बोर्ड उचलायचा, काकू प्लगच्या रुंद जागेसाठी प्रत्येकाची मागची कड बोटांनी चाचपायच्या. त्यांची नखं काळी झाली, एका बोटाला पत्रा लागला. एक बोर्ड मिळाला, कोपऱ्यात तडा गेलेला. काकूंच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, बटणांच्या डबीत स्क्रू ठेवत, दोघांनी मिळून जुना कॉम्प्युटर पुन्हा उभा केला. प्लग बसला. पुस्तक नीट उतरलं.

फक्त तो तापायचा. दर पाऊण तासाने थांबायचा आणि स्वेटर अर्ध्यावर लटकायचा. मग काकू ओळी मोजत मागे जायच्या. काका उघड्या पेटीवर पुठ्ठ्याने वारा घालत बसायचे. "नवऱ्याला वारा घालणारी बायको ऐकली होती," ते एकदा म्हणाले. काकू हसल्या नाहीत. त्या आकडे पुटपुटत होत्या, आणि आकडे काही केल्या पुढे सरकत नव्हते. पंधरा दिवस त्या उभ्यानेच जेवल्या.

सत्राच्या पहिल्या सोमवारी एकशे एकतीस स्वेटर शाळेच्या व्हरांड्यात आले. मोठ्या बाईंनी गठ्ठ्यावर हात फिरवला. त्या रागावल्या नाहीत. उरलेल्या मुलांनी थंडीत काय घालायचं, एवढंच त्यांनी विचारलं. राहिलेले स्वेटर कारखान्याने चार दिवसांत दिले. पुढच्या वर्षापासून सगळेच दिले.

दुकानातून आणलेल्या कॉम्प्युटरवर काका आता बातम्या ऐकतात. काकू त्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलावर काम करतात, सकाळी आठ ते साडेचार, उभ्याने. रविवारी सुट्टी असते.