मामंजींची जागा

आमच्या वस्तीत माणूस गेलं की आधी खड्डा खणायचा आणि मग त्यातलं पाणी उपसायचं. पावसाळ्यात कितीही उपसलं तरी खाली पाणी राहायचंच.

दौंड आणि केडगावच्या मध्ये, भीमेच्या वळणात ही वस्ती. नदीपलीकडे शिरूर तालुका. तिकडचे लोक आम्हाला चिखलातले किरिस्ताव म्हणायचे. राग यायचं कारण नव्हतं. चिखल होताच, आणि आम्ही ख्रिस्तीही होतोच.

वस्ती कशी झाली ते माझ्या सासऱ्यांनी सांगितलं. त्यांच्या आज्याच्या वेळी मोठा दुष्काळ पडला. मिशनच्या गोऱ्या साहेबाने उपाशी माणसं गोळा केली आणि त्यातली काही इथे बसवली. चांगली काळी जमीन त्याला कोण देणार? मिळाली ती नदीकाठची खोलगट जागा, जिथे लव्हाळ्याशिवाय काही उगवत नव्हतं. आधी लिंबाखाली प्रार्थना व्हायची. मग दगडमातीचं, कौलांचं देऊळ उठलं. आम्ही चर्च म्हणत नाही, देऊळच म्हणतो. पुढे वरच्या अंगाने कालवा गेला. वरच्या गावात ऊस आला आणि त्यांच्या रानात मुरलेलं पाणी आमच्याकडे उतरलं. देवळाच्या भिंतींना कमरेएवढी ओल चढली. आमचा जोंधळा गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. म्हणून बाप्ये दौंडला रेल्वेत लागले आणि बाया दुसऱ्याच्या रानात जाऊ लागल्या. एवढाच आमचा इतिहास.

मी चौथी शिकून लग्न होऊन आले. त्याच पावसाळ्यात सासूबाई वारल्या. तापाने गेल्या. पेटी खड्ड्यात सोडली तर ती तरंगायला लागली. चार जणांनी ती बांबूंनी दाबून धरली आणि बाकीच्यांनी भराभर माती लोटली. मामंजी काठावर उभे होते. घरी आल्यावर चुलीपुढे बसून म्हणाले, "तिला पाण्याचं भ्या वाटायचं. नदीला कवा पाय लावला न्हाई तिनं."

मी चहा दिला. दुसरं काय देणार?

मग बहात्तरचा दुष्काळ आला. वरच्या गावच्या विहिरींचे तळ दिसले. आमच्या विहिरीला तेवढं पाणी राहिलं. आम्ही सगळ्या जणी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो आणि परत येईपर्यंत आमच्या विहिरीवर वरच्या गावच्या बायांचे हंडे लागलेले असायचे. त्यात मोठ्या बागाइतदाराची बायको पण असायची.

ती एकदा मला म्हणाली, "तुमचं पाणी लई ग्वाड हाय गं बाई."

मी म्हटलं, "आता ग्वाड लागतंय व्हय? गेल्या साली हितनं नाकाला पदर लावून जात हुतीस."

ती हसली. म्हणाली, "तुझी सासू बरी हुती. ती तोंडावर बोलायची न्हाई."

त्या उन्हाळ्यात एक दिवस मामंजी कुदळ घेऊन गेले आणि मूठ झाकून परत आले. सासूबाईंच्या शेजारी त्यांनी खोल खड्डा घेतला होता. मूठ उघडून मला दाखवली. "बघ सूनबाई. भुकटी. आत पातूर भुकटी हाय."

एवढे खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "ती बी आता कोरडी झाली आसंल. पाऊस पडायच्या आत मला तिच्याजवळ जाऊ दे, म्हंजी झालं."

मला वाटलं, म्हातारपणी बोलतात तसं बोलले. पण रविवारी देवळात पाद्रीसाहेबांनी पावसासाठी प्रार्थना घेतली. सगळी मंडळी गुडघ्यांवर, आणि मामंजी एकटेच मांडी घालून बसलेले.

साहेब म्हणाले, "आबा, गुडघे दुखतात का?"

"गुडघं बेस हायती, साहेब. पाऊस पडू द्या, पर माझं झाल्यावर."

पोरं हसली. साहेब हसले नाहीत. "गावं तहानली आहेत, आबा."

"ठावं हाय की. म्हणून तर गप बसलोय. उलटं मागतोय का म्या?"

त्यांनी उलटं मागितलं नाही, पण जेवण कमी केलं. तेव्हा रेशनवर मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी मिळायची. तिची भाकरी कुणालाच आवडत नव्हती, पण मामंजींचं कारण वेगळं होतं. मी ताट पुढे ठेवलं आणि म्हटलं, "आबा, उपाशी राहून लवकर जायचा बेत आसंल तर सांगा. भाकरी म्हशीला घालते."

"म्हस खाईल का ही?" त्यांनी विचारलं.

"न्हाई खाणार. म्हणूनच तुम्हाला वाढलीया."

मग जेवले. पण माझ्या मनातून ते जाईना. प्रकृती चांगली होती, मरण मागून येत नव्हतं, आणि पाऊस तर एक दिवस येणारच होता.

तोडगा माझ्या नवऱ्याला सुचला. माळावरचा मुरूम आणून मसणवट्याचा तो कोपरा उंच करायचा. माणूस वर पुरलं की पाणी खालच्या खाली. कामावरून येताना मी एक पाटी टाकायची, जावेने एक टाकायची. विहिरीवर मी ते बोलले. दुसऱ्या दिवशी बागाइतदाराची बायको एका हातात रिकामा हंडा आणि डोक्यावर मुरमाची पाटी घेऊन आली. पाटी ओतली, हंडा भरला आणि गेली. मग बाकीच्या बायाही तसंच करू लागल्या. बौद्धवाड्यातल्या आल्या, मराठ्यांच्या आल्या. पाऊस लागायच्या आत तिथे चांगला ओटा तयार झाला. सासूबाई त्याच्या पोटात गेल्या.

मामंजींना आम्ही दाखवायला नेलं. ते भोवताली फिरले, पायाने दाबून बघितलं.

"लई झ्याक. मी हितं निजायचं तर ती कुठं?"

"खाली हाय की आई," नवरा म्हणाला.

"म्हंजी ती तळघरात आन् मी माडीवर."

"आबा, कोरडं पायजे म्हणून तुम्हीच मागं लागला हुता."

"दोघांस्नी पायजे हुतं रं."

नवरा वैतागला. "मग आईला उकरून वर घ्यायची का?"

मामंजींनी त्याच्यावर काठी उगारली. "निजलेलं माणूस उठवत्यात व्हय?"

त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. पाऊस पडला, त्यांनी कुरकुर केली नाही. त्यापुढचा पावसाळा जोराचा होता. एका सकाळी ते धोतर गुडघ्यावर खोचून मसणवट्यात गेले. ओट्याच्या चहूबाजूंनी पाणी साचलं होतं. येऊन ओसरीवर बसले. मी पाय धुवायला पाणी दिलं.

म्हणाले, "सूनबाई, मला खालीच ठिवा. तिच्या बाजूचा मुरूम काढा आन् तिच्या रांगंला खणा. तिला येकटीला पाण्यात ठिवून मी कोरडा पडू व्हय?"

"पेटी तरंगंल, आबा."

"पेटी कशाला? घोंगडीत बांधा. माझ्या आज्याला तसंच नेलं हुतं."

पाद्रीसाहेबांना ते पटलं नाही. पेटीशिवाय बरं दिसत नाही म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, बांबूनं दाबलेलं बरं दिसतं का?" सासूबाईंच्या वेळी साहेब इथे नव्हते. नवऱ्याने सगळं सांगितलं, तेव्हा म्हणाले, "ठीक आहे. घोंगडी धुतलेली असू द्या."

मामंजी पुढच्या श्रावणात झोपेतच गेले. घोंगडी मी स्वतः धुतली, पण ती धड वाळली नाही. मुरूम बाजूला सारून खड्डा खणला, उपसला, तरी नवरा आणि दीर आत उतरले तेव्हा पाणी त्यांच्या पोटऱ्यांना लागलं. दोघांनी मामंजींना हातांवर घेतलं आणि खाली ठेवलं. ते सरळ तळाला टेकले. काही वर आलं नाही. साहेबांनी वचन वाचलं आणि आम्ही माती दिली.

त्यांच्यानंतर खाली कुणाला पुरलं नाही. नंतर गेलेली सगळी माणसं वर मुरमात आहेत, कोरडी. मीही मुलाला सांगून ठेवलंय, मला वरच ठेव. माझा नवरा वर आहे.