किल्ली तुमची, सही तुमचीच

कॉलेजची कागदपत्रं कॉम्प्युटरवर न्यायची व्यवस्था मी बांधली, आणि तिचा मला लई तोरा होता. प्रत्येकाला एकच गुप्त किल्ली, म्हणजे पासवर्डसारखा एक लांबलचक आकडा. आलेली कुलूपबंद फाईल तिनंच उघडायची, सहीही तिनंच करायची. दोन किल्ल्या दिल्या तर लोक घोळ घालतील, असं मीच ठरवलं. मोठी शहाणी!

आमचे स्टोअरकीपर आप्पा निपाणीहून रोज बेळगावला यायचे. न आलेले कॉम्प्युटर मिळाले, अशा पोचपावतीवर त्यांची सही निघाली. चौकशीत ते सांगत राहिले, "मी सही केली न्हाय. चेअरमनच्या केबिनमधनं फाईल आलती. उघडली तर सगळं गिचमीड. केबिनमधनंच फोन आला, फॉन्ट जुळंना म्हणाले, आलंय ते तसंच परत पाठवा. पाठवलं."

आमच्याकडं हे रोजचंच. कन्नड फाईल मराठी फॉन्टात उघडते, मराठी कन्नडात. गिचमीड परत पाठवायचं, समोरचा फॉन्ट बदलून बघतो. तरी मी ताडकन म्हणाले, "किल्ली तुमची, म्हणजे सही तुमचीच. ब्रह्मदेवालाही दुसऱ्याची जमायची नाही." आप्पांची नोकरी गेली.

पुढं, ते कॉम्प्युटर आहेत कुठं, असं मी विचारलं. झालं! आठवड्यात त्याच केबिनमधून मलाही फाईल आली. उघडली, तर गिचमीड. फोन आला, मी परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर माझा राजीनामा. खाली माझी सही, माझ्याच प्रोग्रामनं खरी ठरवलेली.

"सर, मी फक्त फाईल उघडली! गिचमीड आलं, ते..." मी ओरडले. हे आप्पांचं वाक्य होतं.

"किल्ली तुमचीच ना, मॅडम?" प्राचार्य म्हणाले.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझ्या व्यवस्थेत कुलूप उघडणं आणि सही करणं, गणितानं एकच होतं: आलेल्या आकड्यावर किल्ली फिरवायची. केबिनमधल्यांनी माझ्या नावानं राजीनामा लिहून, त्याचाच आकडा करून तो कुलूपबंद फाईल म्हणून पाठवला होता. मी तो उघडला. जे गिचमीड निघालं, तीच माझी सही, आणि ती मीच परत पाठवली.

गप्प बसले तर नोकरी जाते. बोलले, तर आप्पांना मीच बुडवलं हे माझ्याच तोंडानं सिद्ध होतं. इकडं आड, तिकडं विहीर, आणि दोन्ही मीच खणलेली. कंग्राळीला घरी तीन दिवस घास उतरेना. आई म्हणाली, "काय लपवायलीस गं?"

चौथ्या दिवशी प्राचार्यांना सगळं लिहून दिलं, आप्पांच्या सहीसकट. मग त्यांना फोन केला. ती सही तुमची नव्हती, हे रडतरडतच सांगितलं.

पलीकडं बसस्टँडवरचा कल्ला. त्यातनंच ते म्हणाले, "आक्का, हे मी तवाच सांगितलंतं की."